दुकानातून परत आलेली हाक

पिरनवाडीच्या त्या घरात वरची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकीण पायरीवर लसूण सोलत बसली होती. भाडं किती, पाणी कधी येतं, जेवणात काय असतं, यातलं तिनं काही सांगितलं नाही. मान वर न करता विचारलं,

"झोप कसली हाय रं तुझी?"

मला प्रश्नच कळला नाही.

"हाक मारली की उठतोस, का तांब्या ओतायला लागतोय डोस्क्यावर?"

"उठतो की," मी म्हणालो.

"समदी असंच म्हनत्यात." तिनं कमरेची किल्ली काढून पुढं केली. "बोरगावचा न्हवं तू? आजपतूर बोरगावचा एक बी नीट उठला न्हाय."

सगळे तिला आक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. बेळगावात एका लहानशा ऑफिसात मला मोबाईलची अ‍ॅप तयार करायची नोकरी लागली होती. वरच्या मजल्यावर माझ्यासारखे आणखी काही जण होते. कुणी फार्मसी शिकत होता, कुणी कारखान्यात पाळीनं कामाला होता. आक्काचा नवरा कारकून होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक संकेश्वरला बँकेत अधिकारी. एवढ्या मोठ्या घरात आक्का एकटी राहायची आणि आम्हाला ठेवून घ्यायची ती, मला वाटतं, मुख्यतः सकाळी उठवायला.

पहाटे आंघोळ करून, दिवाणखान्यातल्या निळ्या कोटातल्या तसबिरीपुढं उदबत्ती लावून ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहायची आणि पदर खोचून सुरू व्हायची.

"ऊठ रं मुडद्या! तुझी तिरडी बांधाय मानसं खोळंबल्यात काय?"

हे माझं. फार्मसीवाला किडकिडीत, त्याला "वाळल्या, ऊठ, न्हाईतर चुलीत घालतो तुला" असं असायचं. आमच्याकडच्या बायका 'मी घालतो, मी येतो' असंच बोलतात, त्यामुळं धमकीला आणखी वजन यायचं. गोकाकचा एक मुलगा होता. त्याला आधी "एळप्पा, एळो" अशी कन्नडमधून हाक जायची, आणि शेवट मराठीत व्हायचा. विचारलं तर म्हणायची, "कन्नडात मला शिव्या कमी येत्यात रं. त्येच्यावर अन्याय नको व्हायला."

पिरनवाडीतल्या कोंबड्यांनी आरवायचं सोडलं ते आक्कामुळं, असं गल्लीतले लोक म्हणत. मला ते अगदीच खोटं वाटत नाही.

मात्र तिच्या शिव्यांपेक्षा आम्ही घाबरायचो ते तिच्या गोड बोलण्याला. एका पहाटे ओरडा झालाच नाही. ती जिना चढून वर आली, माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "ऊठ बाळा." मी ताडकन उठून बसलो. तिनं पुढचं काही सांगायच्या आधीच घरून फोन आला असणार हे कळलं. वडिलांना निपाणीच्या दवाखान्यात नेलं होतं. ते पुढं खडखडीत बरे झाले. पण 'बाळा' या शब्दाची माझी धास्ती काही गेली नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यांचंच असं होतं. आक्का कुणाला 'बाळा' म्हणाली की बाकीचे गपचूप त्याची पिशवी भरायला लागत.

खोली सोडून गेलेल्या मुलांनाही ती सोडायची नाही. एक जण निपाणीला बस कंडक्टर झाला होता. पहाटेची पहिली गाडी त्याच्याकडं. उशिरा पोचला म्हणून साहेबानं एकदा समज दिली, तेव्हा त्यानं आक्कालाच फोन केला. "आक्का, मला तुमची हाक पायजे. दुसऱ्या कशानं जाग येत न्हाय." झालं. दुसऱ्या दिवसापासून आक्का त्याला रोज फोनवरून उठवू लागली. ही बातमी पसरली. मग बेंगळुरूचा एक आला, पुण्याचे आले, एक तर दुबईत होता. आक्का जिन्याखाली आम्हाला उठवायची आणि मग फोन घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत बाकीच्यांना. दुबईवाल्याची पहाट उशिरा व्हायची, त्याला ती भाकरी थापता थापता शिव्या द्यायची.

अशीच एका पहाटे फोन कानाला असताना तिला भोवळ आली. अंगणातल्या दगडावर पडली. हात मुरगळला, डोक्याला खोक पडली. दवाखान्यात रक्तदाब मोजला तेव्हा डॉक्टर चिडलेच. रात्रभर ही बाई झोपते कधी? लेक संकेश्वरहून धावत आली. आम्ही तिला ताई म्हणायचो. ताईनं आईचा फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि सांगितलं, "उजाडल्याशिवाय उठायचं न्हाय. पोरं उठतील त्यांची ती."

"न्हाय उठत गं," आक्का म्हणाली. "त्यास्नी मी नीट वळखतो."

दोन दिवस गेले नाहीत तोवर ती शेजारच्या रिक्षावाल्याच्या फोनवरून कंडक्टरला शिव्या देताना सापडली.

ताईनं मला बाजूला घेतलं. "तू मोबाईलचं काम करतोस न्हवं? हिचा आवाज त्यात भरता येतोय का? हिला झोपू दे, आवाज ओरडू दे."

काम अवघड नव्हतं. एक साधा गजर. वेळ लावायची, आपलं नाव निवडायचं, वेळ झाली की आक्काची हाक. अवघड गेलं ते आवाज भरून घेणं. मी तिच्यापुढं फोन धरला तर ती त्याच्याकडं नुसती बघत बसली.

"ह्येला काय शिव्या देऊ? ह्येनं काय केलंय माझं?"

"आक्का, आम्ही समोर हाय असं समजा की."

"तसं न्हाय व्हत. निजलेला मानूस पायजे फुडं."

शेवटी मी दिवाणखान्यात चटई टाकली, डोक्यावर चादर घेतली आणि भर दुपारी झोपलो. फोन उशाशी. आक्कानं पदर खोचला आणि एकेकाचं नाव घेऊन सुरुवात केली. प्रत्येक माणसासाठी मी नव्यानं झोपायचं, कारण "उठलेल्याला उठवू कसा?" कंडक्टरच्या वेळी ती इतकी रंगात आली की माझ्या पाठीत एक दणका बसला. तो आवाजही अ‍ॅपमध्ये गेला. मागं कुकरची शिट्टी आहे, तीही गेली.

अ‍ॅप तयार झालं. पण ते लोकांच्या फोनवर जायचं तर आधी अ‍ॅपच्या दुकानात ठेवावं लागतं, आणि दुकानवाले ते तपासून घेतात, हे मी आक्काला समजावून सांगितलं. तिला ते पटलं. "बरुबर हाय. माल बघूनच घ्यावा."

दुकानाकडून निरोप आला की आवाज परक्या भाषेत आहे, प्रत्येक वाक्याचं इंग्रजी भाषांतर द्या. मी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवला. मुडद्याला प्रेत लिहिलं. तिरडीचं वर्णन केलं. चुलीत घालण्याचं तर सरळच होतं. कंडक्टरला ती 'सुक्काळीच्या' म्हणायची. त्याला इंग्रजी शब्द काही सुचेना, तेव्हा शब्दकोशात सुकाळ बघितला आणि 'चांगल्या पिकापाण्याचा मुलगा' असं लिहून टाकलं.

अ‍ॅप नाकारलं गेलं. कारण असं दिलं होतं की हे अ‍ॅप वापरणाऱ्याचा अपमान करतं, त्याला जाळायची धमकी देतं आणि त्याच्या मरणाची इच्छा धरतं. आक्षेप घेतलेल्या वाक्यांची यादी खाली होती. सगळी वाक्यं त्यात होती, फक्त पिकापाण्याच्या मुलाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. आक्काच्या पोतडीतली सगळ्यात घाण शिवी तेवढी सन्मानानं पास झाली.

आक्का भाजी निवडत होती. मी सांगितलं, "आक्का, अ‍ॅप नाकारलं."

"दुकानदारानं माल परत केला?"

"व्हय."

"वापरून बघितला काय त्येनं?"

"ऐकला असंल."

"ऐकून काय हुतंय? रातीला लावून निजायचं हुतं. उठला असता म्हंजे कळलं असतं." थोडा वेळ ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "आरं, पर मरनाची इच्छा कुठनं आली ह्यात? मेलेल्याला कोन हाक मारतंय काय? जित्यालाच मारत्यात की."

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी भाषांतर जरा मऊ केलं. मुडद्याच्या जागी 'लाडक्या' लिहिलं, तिरडीच्या जागी 'लोक तुझी वाट बघत आहेत'. काही दिवसांनी उत्तर आलं. दुकानवाल्यांचं म्हणणं, भाषांतर आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. शब्द प्रेमाचे दिसतात, पण बोलणारी बाई अतिशय रागावलेली वाटते.

हे वाचून दाखवलं तेव्हा आक्का पहिल्यांदा खूश झाली. "आवाज कळला बघ त्येला! मानूस शाना हाय."

इकडं तिची तगमग चालूच होती. ताई फोन देईना आणि रिक्षावाल्यालाही ताईनं दम भरला होता. पहाटे आक्काला आपोआप जाग यायची आणि ती अंथरुणात बसून राहायची. "आता तो उठला नसंल," एवढंच म्हणायची. कंडक्टरला खरंच दुसऱ्यांदा समज मिळाली होती. तिसऱ्यांदा झालं तर पहिली गाडी काढून घेणार, कदाचित घरीही बसवणार, असं तो मला म्हणाला. आक्काला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिला ते ठाऊक असल्यासारखं वाटायचं.

मी फेरविचारासाठी अर्ज केला आणि कळवलं की मला बोलायचं आहे. एका दुपारी त्यांचा फोन येणार असं ठरलं. आक्कानं हट्ट धरला की फोन तिच्यासमोरच घ्यायचा. मी तो मोठ्या आवाजावर लावून टेबलावर ठेवला. पलीकडं एक बाई होत्या. स्वच्छ, हळू इंग्रजीत त्यांनी नियम सांगितला की अ‍ॅपनं वापरणाऱ्याला शिवीगाळ करता कामा नये. मी सांगितलं, ही शिवीगाळ नाही, आमच्याकडं अशीच हाक मारतात.

"काय म्हनती?" आक्कानं विचारलं.

"शिव्या नकोत म्हणत्यात."

"तिला सांग," आक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून टेबलाजवळ बसली. "मी पोरगी हुतो तवा निपानीत तंबाखूच्या वखारीत जायचो. आमच्या गल्लीतल्या समद्या बायका. दीसभर तंबाखू चाळायची, रातीला सैपाक, पोरं. सकाळी भोंगा झाला की फाटक बंद. मागनं गेलं की त्या दिवसाचा पगार न्हाय. मग म्या सगळ्यांच्या आधी उठून दारोदार हाका मारायचो. गोड हाक मारली तर दमलेलं मानूस कूस बदलतंय. त्येला वाटतंय, आई हाय, निजू दे म्हनती. शिवी दिली की उठतंय. एकीचा बी खाडा पडू दिला न्हाय मी. सांग तिला."

आक्काच्या वखारीबद्दल मी तोवर काहीच ऐकलं नव्हतं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या की हे ऐकून बरं वाटलं, पण अ‍ॅप कुणीही घेईल, त्याला ती गल्ली माहीत नसेल. झोपलेल्याच्या कानाशी कुणी मरणाचं बोललं तर त्याला काय वाटेल? शब्द बदला, लगेच बघते.

मी हे मराठीत सांगितलं. मला वाटलं आक्का भडकेल. पण ती विचारात पडली.

"खरं हाय तिचं बी. परक्याला कसं कळनार?" मग एकदम फोनकडं वाकली. "बाई, तिकडं किती वाजल्यात गं?"

मी विचारलं. तिकडं नुकतं उजाडत होतं.

"एवढ्या पहाटं कामाला बसलीस? तुला कोन उठवतंय?"

बाई हसल्या. गजर लावते, म्हणाल्या.

"अरारा," आक्का म्हणाली. याचं भाषांतर मी केलं नाही.

फोन ठेवल्यावर मी सुचवलं की तिरडी, मुडदा एवढं काढू, बाकी ओरडा राहू दे. आक्कानं मान हलवली. "अर्धवट काम माझं न्हाय. गोड पायजे म्हनती न्हवं? गोड देऊ."

गोड आवाज भरायच्या दिवशी तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं. मी चटईवर आडवा होऊ लागलो तर म्हणाली, "नको, तू खुर्चीवर बस. निजलेल्याला बघून मला गोड बोलाय येनार न्हाय." मग समोरच्या भिंतीकडं बघत, तालुक्याच्या कचेरीत साहेबापुढं बोलतात तसं ती बोलू लागली. "उठा. सकाळ झालेली आहे. मी आपणास उठवित आहे. कृपया उठावे, बाळांनो." 'उठवित आहे' हे तिच्या तोंडून ऐकताना मी खुर्चीत ताठ बसलो. भरलेला आवाज परत लावून दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "ही कोन बया?"

अ‍ॅप मंजूर झालं. आक्कानं शिरा केला, गल्लीत वाटला. ताईनं स्वतः सगळ्या जुन्या मुलांना कळवून ते घ्यायला लावलं आणि आईचा फोन तिला परत दिला.

पहिल्या सकाळी कंडक्टर एका झटक्यात उठला. 'बाळांनो' ऐकून त्यानं आधी घरातली माणसं मोजली. कोण गेलं म्हणून त्यानं गावी चुलत्यांनाही फोन केला. त्या दिवशी पहिली गाडी वेळेवर सुटली. दुसऱ्या दिवशी तो जरा चाळवला. तिसऱ्या दिवशी झोपेतच "व्हय, व्हय" म्हणाला आणि कूस बदलली. पुण्याचे तर म्हणाले, आवाज इतका सरकारी आहे की आणखी गाढ झोप लागते.

आम्ही सगळे फोनवर एकत्र बोललो. कुणी म्हणालं, आक्काला खरं सांगू या. कंडक्टर म्हणाला, "खबरदार. सांगितलं तर ती पुन्यांदा अंगनात जाऊन पडंल. माझं मी बघतो." त्यानं निपाणीच्या बाजारातून मोठ्या घंटेचं चावीचं घड्याळ आणलं आणि ते रिकाम्या पितळी घागरीत टाकून ठेवलं. घरातले सगळे उठायचे, शेजारचेही. बायकोनं माहेरी जायची भाषा केली. पण त्याची गाडी चुकली नाही. बेंगळुरूवाल्यानं खोलीतल्या मित्राला पांघरूण ओढायला सांगितलं. ज्याला जे जमलं ते त्यानं केलं, आणि प्रत्येकानं आक्काला आळीपाळीनं फोन करून सांगितलं, "आक्का, तुमच्या हाकेनं उठतोय. लई झकास."

मी तेव्हा तिथंच राहत होतो. आम्ही वरचेही आपापले उठत होतो, फोन उशीखाली दाबून, एकमेकांना लाथा घालून. कंडक्टरचा असा फोन आला तेव्हा मी जवळच होतो. तिनं तो शेवटपर्यंत ऐकला आणि ठेवला.

"गोड बोलून उठाय लागली मानसं," ती म्हणाली. "दुनिया बदलली म्हनायची."

तिला बरं वाटलं की वाईट, मला ओळखता आलं नाही. जेवायला वाढताना तिनं माझ्या ताटात मीठ दोनदा वाढलं.

पुढं मला पुण्यात नोकरी मिळाली. बेळगावला एका लग्नाला आलो तेव्हा मुक्काम आक्काकडंच केला. वरच्या मजल्यावर नवी मुलं होती. त्यांच्यातच अंथरूण टाकलं. पहाटे जाग आली, ती सवयीनं. पडल्या पडल्या जिन्याखालून ओरडा येईल म्हणून वाट बघत राहिलो. ऊन वर आलं तशी नवी मुलं उठली आणि चपला हातात घेऊन जिना उतरू लागली. मीही त्यांच्यामागून खाली आलो.

दिवाणखान्याचं दार अर्धवट उघडं होतं. आक्का भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती. तोंड उघडं होतं. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. ऊन खिडकीतून तिच्या पायांवर आलं होतं.

बाहेर फटफटीचा आवाज झाला. दूधवाला आला होता. मी पातेलं घेऊन धावत गेलो आणि तो हॉर्न वाजवणार तेवढ्यात हात वर केला.

"काय झालं?" त्याचा चेहरा उतरला. "आक्का बऱ्या हायत न्हवं?"

"झोपल्यात."

"झोपल्यात?" त्यानं उन्हाकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "आजारी?"

"न्हाय. नुसत्या झोपल्यात."

दुधात पाणी घालतोस म्हणून आक्कानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, हे नवी मुलं मला रात्री सांगत होती. त्यानं मापानं दूध घातलं. माप कॅनला लागू नये म्हणून हळू घातलं. थोडं वरचंही घातलं. मग गाडीवर बसला नाही. हॅण्डल धरून, कॅनसकट ती जड गाडी ढकलत निघाला. गल्लीचं वळण येईपर्यंत ढकलत गेला, आणि वळणापलीकडं, मोठ्या रस्त्याला लागल्यावरच त्यानं किक मारली.